खुंट्याचा फॉर्म

उंच इमारतींना बाहेरून रंग मारणाऱ्या माणसाचा जीव टांगणीला असतो, असं म्हटलं तर त्यात वाढवून सांगितलेलं काहीच नाही. आपले मुकादम अठरा वर्षं असेच टांगलेले. खाली दहा-बारा मजले, बुडाखाली हातभर फळी, हातात ब्रश, आणि वर गच्चीत दोराच्या गाठीपाशी बसलेला एक माणूस. त्याला सगळे खुंटा म्हणायचे. एकदा बसला की हलायचाच नाही ना! डबा खातानाही एक पाय दोरावर. फोन वाजला तर वाजू दे बापडा. दोर कठड्याला कुठे घासतोय, गाठ सरकत तर नाही ना, एवढंच त्याचं लक्ष. बाकी काम म्हणाल तर शून्य.

आणि तिथेच घोडं अडलं. कंपनीत नवे सुपरवायझर आले. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर भारी जीव. गच्चीत जाऊन खुंट्याला बघून आले आणि मुकादमांना म्हणाले, "तो वरचा नुसता बसून असतो. आता दोर अडकवायला लोखंडी आकडे आणलेत आपण. त्याची गरज काय?"

"साहेब, तो बसतो म्हणून मी उतरतो."

"मग तसं फॉर्मवर लिहून द्या. सोमवारपर्यंत."

फॉर्म इंग्रजीत. मागे शब्दांची यादी, त्यातला एक शब्द आपल्या जोडीच्या माणसासाठी निवडायचा आणि तो खरा ठरवणारा एक प्रसंग चौकटीत लिहायचा. ज्याचा फॉर्म कच्चा, त्याला नारळ. बाराव्या मजल्यावर कधी न घाबरलेले मुकादम त्या कागदाला घाबरले.

रविवारी सकाळी ते लेकीसमोर जाऊन बसले. लेक कॉलेजात, इंग्रजी फाडफाड.

"बाबा, हा लॉयल. म्हणजे एकनिष्ठ. आपल्या माणसाला सोडून न जाणारा."

"मग हाच लिही! गोदामात सावलीतलं काम देत होते त्याला. म्हणाला, मुकादमाच्या दोरापाशी कोण बसणार ते आधी सांगा."

"थांबा हो, पुढे सपोर्टिव्ह आहे. अडीनडीला पाठीशी उभा राहणारा."

"अगं, तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा महिनाभर डबा कोणाच्या घरून आला? तू कांदा वेचून टाकायचीस म्हणून त्याच्या बायकोने कांदा घालणंच सोडलं!"

"आणि हा डिपेन्डेबल. ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावं असा."

मुकादमांनी तिन्ही शब्दांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तिन्ही लिही."

"एकच लिहायचाय, बाबा."

"काय कंजूष फॉर्म आहे!"

शेवटी डिपेन्डेबल ठरला. लेकीने चौकटीवर पेन टेकवलं. "आता प्रसंग सांगा. गाठ सुटली, काकांनी झडप घालून दोर धरला, असं काहीतरी."

मुकादमांनी डोकं खाजवलं. चहा गार झाला. छे! एक प्रसंग आठवेल तर शपथ. गाठ कधी सुटलीच नव्हती. दोर झिजायच्या आत बदललेला असायचा. वारा वाढला की खुंटा काम थांबवायचा आणि वर सगळ्यांच्या शिव्या खायचा. अठरा वर्षांत घडलं असं काही नाहीच.

"मग एखादा रचू या का?" लेकीने हळूच विचारलं.

"त्याच्या नावावर खोटं? अजिबात नाही!" मुकादम ताडकन उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "लिही. अठरा वर्षं मी ह्याच्या भरवशावर दोरावरून उतरतोय. काहीही घडलं नाही. हा फॉर्म भरायला मी जिवंत बसलोय, हाच प्रसंग."

लेकीने लिहिलं. मग फॉर्म लांब सरकवला आणि ओढणीने डोळे पुसले.

सोमवारी साहेबांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. "आकडे लागतीलच," ते म्हणाले, "पण वरचा माणूसही राहील. चुकलं माझं."

मुकादमांचा जीव भांड्यात पडला. ते वळणार तोच साहेबांनी दुसरा कागद काढला. "तुमचा फॉर्म तुमच्या माणसाने भरायचा असतो. त्याने आमच्या कारकुनाकडून लिहून घेतलाय. शब्द निवडलाय लॉयल. आणि प्रसंग ऐका: 'मुकादमांनी माझ्या जागी कधी दुसरा माणूस मागितला नाही, आणि मी जागेवर आहे की नाही, हे उतरताना आजवर एकदाही मान वर करून बघितलं नाही.'"

मुकादम तडक गच्चीत गेले. खुंटा कठड्यापाशी दोर चाचपत बसला होता.

"ए खुंट्या, इकडे बघ. इतक्या वर्षांत कधी म्हणालो नाही. तुझे फार उपकार आहेत रे माझ्यावर. माझं घर तुझ्यामुळे उभं आहे."

खुंटा लाजला. पाय मात्र दोरावरून हलवला नाही.

"माझ्यावर तुझे नाहीत होय?" तो म्हणाला. "रोज सकाळी स्वतःचा जीव असा कोण कोणाच्या हातात देतं?"