माहेरचा रकाना

मुलाखतीत मला गाणं म्हणायला लावलं.

जागा होती संगणकीय संशोधन सहयोगीची. मुलाखत ऑनलाइन. आमच्या उंद्री गावात घरी रेंज धड मिळत नाही, म्हणून सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला आले. ज्या कॉलेजात एम.ए. मराठी केलं, तिथल्याच कॉम्प्युटर लॅबमध्ये बसले. मागं बीसीएच्या पोरापोरींचं प्रॅक्टिकल चालू होतं. पडद्यावर चार चौकोन, चार चेहरे. त्यातल्या एक प्रकल्पप्रमुख मॅडम, पुण्याच्या. गावोगावची गाणी गोळा करायच्या त्यांच्याच प्रकल्पात मी दोन वर्षं राबले होते. वही काढून ठेवली होती. एकाच गाण्याची वेगवेगळ्या गावांतली रूपं कॉम्प्युटरकडून कशी शोधून घेतली, तो प्रोग्राम कसा लिहिला, सगळं क्रमानं मांडलं होतं.

एका सरांनी विचारलं, "हे कोडिंग कुणाकडून शिकलात?"

"माझं मीच. आधी मोबाइलवर बघून. मग जुना लॅपटॉप घेतला."

"अच्छा."

मॅडम हसल्या. "ते राहू दे गं. तू यांना एखादं भुलाबाईचं गाणं म्हणून दाखव ना. तुमच्या त्या गोड भाषेत."

आणि मी म्हटलं. दोन कडवी. मागचं प्रॅक्टिकल थांबलं. कुणीतरी फिसकन हसलं. चौकोनांतल्यांनी टाळ्या वाजवल्या. "किती अस्सल," एक जण म्हणाले. मुलाखत संपली. प्रोग्रामवर एक प्रश्न नाही. वही उघडायची वेळच आली नाही.

त्यांचा राग नंतर आला. आधी स्वतःचा आला. का गायले मी? कारण मला ती नोकरी हवी होती. तीन वर्षांचं पद, नियुक्तीपत्रावर माझं नाव. एवढ्यासाठी मी लॅबमध्ये पोरांसमोर गायले.

भाषा, साहित्य, जुनी गाणी यांचा कॉम्प्युटरवर अभ्यास करायचा, असं एक शास्त्र आहे. शहरात त्याला मोठं नाव आहे. परिषदा आहेत, निधी आहे. आमच्याकडं मात्र मराठी विभागात गेलं की म्हणतात, कॉम्प्युटरवाल्यांकडं जा. कंपनीत गेलं की कपाळाला आठ्या, एम.ए. मराठी? दोन्ही घरी मी पाहुणी. मग उरतं तासिका तत्त्वावर शिकवणं, तेही एखादा वर्ग रिकामा असला तर. जाहिरातीत लिहिलेलं असतं, मान्यताप्राप्त पदावरचा अनुभव हवा. मी मानधनावर, क्षेत्र सहायक. ते अनुभवात धरत नाहीत. पद नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून पद नाही. हे कुणाला सांगायला गेलं की म्हणतात, चिकाटी ठेव.

दुसऱ्या वर्षाच्या निधीच्या अर्जात मात्र मी होते. अर्जाला जोडलेला पहिल्या वर्षाचा अहवाल हाती आला तेव्हा कळलं. 'स्थानिक समाजाचा सहभाग' या मथळ्याखाली माझा फोटो, हातात रेकॉर्डर, शेजारी चार बाया. फोटोखाली नाव नाही. निधी त्या मथळ्यामुळं मिळाला, असं मॅडमच कौतुकानं सांगायच्या.

आता रकान्याचं सांगते. सगळं त्याच्यावरूनच पेटलं.

कोजागिरीच्या आधीचा महिनाभर आमच्याकडं पोरी भुलाबाई मांडतात, टिपऱ्या घेऊन घरोघरी गाणी म्हणतात. ही गाणी बाई लहानपणी शिकते, म्हणजे माहेरी. लग्न होऊन कुठंही गेली तरी तिच्या तोंडात गाणं माहेरचंच राहतं. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून मी तक्त्यात गावाचे दोन रकाने केले होते. एक, गाणं कुठं रेकॉर्ड केलं. दुसरा, गाणारीचं माहेर. प्रत्येक बाईला विचारून भरला. काही जणी माहेरचं नाव सांगताना पदर सावरून नीट बसायच्या.

रोहिणखेडच्या कमलाबाई त्यातल्याच. वय झालेल्या. माहेर थेट सिंदखेडराजाकडचं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मराठवाड्याला लागून. गाणं झाल्यावर म्हणाल्या, "माहेरात आता कोनी नाही वं पोरी. भाऊ गेले, घर गेलं. गानं तेवढं राह्यलं. गावाचं नाव लिहिजो बरं."

"लिहिते," मी म्हटलं. त्यांच्यासमोरच लिहिलं.

मुलाखत दिली ती जागा पुण्याच्या एका इंजिनिअर मुलाला मिळाली. मुलगा वाईट नव्हता. मला ताई म्हणायचा. रुजू झाल्यावर त्याचा फोन आला. "ताई, गावाचे दोन कॉलम आहेत. डुप्लिकेट झालेत का?"

मी त्याला सगळं समजावलं. पाऊण तास. तो हो हो म्हणाला. मग त्यानं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, एका नोंदीला एकच गाव ठेव. त्यानं माहेर उडवलं.

मला हे कळलं वेबसाइटच्या उद्‌घाटनाला, बुलढाण्यातच, कॉलेजच्या हॉलमध्ये. मी गाणाऱ्या बायांना घेऊन आले होते. त्यांना मागच्या रांगेत बसवलं. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा, त्यावर रंगीत ठिपके. मॅडमनी मोताळ्याच्या बाजूच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. उत्तरेकडच्या या गावातल्या गाण्यावर मराठवाड्याची छाप दिसते, म्हणाल्या. आजवर कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट, यावर पुढच्या परिषदेत निबंध वाचणार, म्हणाल्या. ते गाव रोहिणखेड. गाणं कमलाबाईंचं.

कमलाबाईंनी माझा हात दाबला. "काय म्हनून राह्यल्या वं त्या? कोनाची छाप? मीच लग्न होऊन आनलं ते गानं."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. एका बाईचं अख्खं माहेर पुसलं होतं, आणि त्या पुसण्यातून मॅडमना शोध लागला होता.

तेवढ्यात स्टेजवरून आवाज आला. "आता आमची ही फील्डवरची मुलगी आपल्याला एक गाणं म्हणून दाखवेल. ये गं." माइक माझ्या हातात आला. पहिल्या रांगेतल्यांनी मोबाइल वर धरले.

मी म्हटलं, "मी गाणार नाही."

मॅडम हसत म्हणाल्या, "लाजतेय."

"लाजत नाही. तुमचा नकाशा चुकला आहे. गाणारीचं माहेर सिंदखेडराजाकडचं आहे. ती इथं बसली आहे, विचारा. तो रकाना मी भरला होता, तुम्ही काढून टाकला. अशा किती बायांचं माहेर काढलंत ते आधी सांगा."

मॅडमनी माइक मागून घेतला. "भावनेच्या भरात बोलू नये. या तांत्रिक बाबी आहेत. आपण नंतर बोलू."

"तांत्रिक बाबच सांगते आहे," मी म्हटलं. पण माइक गेला होता. इंजिनिअर मुलगा मान खाली घालून बसला होता. मागच्या रांगेतून कमलाबाई उठल्या आणि सरळ दाराकडं निघाल्या. बाकीच्या बायाही उठल्या. मी त्यांच्यासोबत बाहेर आले. स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो.

'नंतर' काही आलं नाही. आला तो मेल. पुढच्या टप्प्याला निधी मंजूर झाला आहे. तुझा गावागावातला संपर्क मोलाचा आहे. पद क्षेत्र सहायक, अटी पूर्वीप्रमाणेच. झाल्या प्रकाराबद्दल आमच्या मनात काही नाही. हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्यांच्या मनात काही नाही.

माय म्हणाली, "जे भेटून राह्यलं ते घे ना वं. घरी बसून काय करशीन?" तिचं चुकत नाही.

पण संमतीपत्रांच्या माझ्या प्रती काढल्या आणि गावोगाव फिरले. ज्या कागदावर बायांनी सह्या केल्या, अंगठे उठवले, तो मी त्यांना पहिल्यांदाच मोठ्यानं वाचून दाखवला. सह्या घेताना घाईत वाचून दाखवला नव्हता, ती चूक माझी. 'सर्व हक्क प्रकल्पाकडे' या ओळीशी प्रत्येकीनं मला थांबवलं. कमलाबाई म्हणाल्या, "माहेर नसन लिहित तं काढून टाका म्हना माह्यं गानं."

मी मॅडमना उत्तर पाठवलं. सोबत बायांच्या नावांची यादी आणि प्रत्येकीचं म्हणणं. माहेर परत लागेपर्यंत ही गाणी उतरवा. नकाशावरचा निष्कर्ष मागं घ्या. मी काम करीन ते संशोधन सहयोगी म्हणून, नियुक्तीपत्र आधी आणि नाव पहिल्या पानावर. हे जमणार नसेल तर यापुढं या जिल्ह्यातलं एकही गाणं माझ्या हातून तुमच्याकडं येणार नाही.

उत्तर आलेलं नाही. नोकरी नाही. दुसरी जाहिरात कधी निघेल ठाऊक नाही, निघाली तरी त्यात मी बसणार नाही, हेही माहीत आहे. यादीतलं एक वाक्यही मी मागं घेणार नाही.