ठोक्याची चिमणी

ठोक्या गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. त्याच्या जुन्या रॉक बँडच्या गायकाने श्रद्धांजली वाहिली होती: "आम्हाला ड्रम लावून देणारे आमचे जुने मदतनीस आज आपल्यात नाहीत." ठोक्याच्या बायकोने चष्मा पुसून त्या ओळी दोनदा वाचल्या. शिलाई मशीनवर गिऱ्हाइकाचा अर्धा शिवलेला पडदा होता, तो तिने तसाच गुंडाळून ठेवला. तीन दिवस ती रडली नव्हती. आता रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, "मदतनीस काय! याची जिरवल्याशिवाय मी राहणार नाही."

ठोक्या दिवसा लिफ्टचा मेकॅनिक होता. अंगाने जाडा, पंचविशीतच टक्कल पडलेला. पण ड्रमवर बसला की ताल केसभर हलायचा नाही. बँडची पहिली रेकॉर्ड करायची ठरली तेव्हा दोन दिवसांची रजा टाकून त्याने तिचे सगळे ड्रम वाजवले. मुखपृष्ठाचा फोटो ज्या सकाळी काढायचा होता, त्याच सकाळी एका इस्पितळाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत स्ट्रेचरवर पेशंट. ठोक्या पाने-पकडी घेऊन तिकडे धावला. फोटोग्राफर थांबायला तयार नव्हता, म्हणून गायकाने आपल्या मेव्हण्याच्या हातात काठ्या दिल्या. "फोटोपुरता उभा राहा रे."

मेव्हण्याचे केस कुरळे, जॅकेट कातडी. फोटो छापला गेला, पोरी त्याच्यावर मरायला लागल्या, आणि रेकॉर्डवर ड्रमरच्या जागी नावही त्याचंच आलं. मग त्या पठ्ठ्याने शिकवणी लावली, नवाकोरा सेट घेतला आणि स्टेजवर जाऊन बसला. ठोक्याला पुन्हा कोणी बोलावलंच नाही. कष्ट एकाचे आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात, असं चाळीस वर्षं चाललं.

त्या रेकॉर्डमधलं एक गाणं फार गाजलं, आणि ते गाजलं त्यातल्या एका आवाजामुळे. मोठ्या ड्रमच्या प्रत्येक ठोक्याआधी बारीकसं 'चूं' ऐकू येतं. मेव्हणा मुलाखतीत रंगवून सांगायचा, "मी वाजवत होतो, तेवढ्यात खिडकीत चिमणी येऊन बसली. माझ्या तालावर चिवचिवली बिचारी!" लोकांना ती चिमणी इतकी आवडली की ते शर्टावर चिमणीचे बिल्ले लावून कार्यक्रमाला यायचे. गायकालाही ती थाप खरीच वाटायची, कारण ध्वनिमुद्रणात ठोक्या वेगळ्या खोलीत बसला होता.

चिमणी कसली! ते ठोक्याच्या पायाखालचं पेडल होतं. दिवसभर लोकांच्या लिफ्टना तेल घालणारा हा माणूस घरच्या पेडलला तेलाचा थेंब लावू द्यायचा नाही. बायको म्हणायची, "मशीनला घालतेच आहे, त्यालाही घालू का दोन थेंब?" तो ओरडायचा, "हात लावशील तर याद राख! ते कुरकुरतं म्हणून गोंगाटात मला कळतं, पाय कुठे आहे ते."

ठोक्या गेला त्याच वर्षी रेकॉर्डला चाळीस वर्षं झाली, मोठा सोहळा ठरला. गायकाचा फोन आला. "वहिनी, ठोक्याचा जुना सेट मांडून ठेवू म्हणतो. तुम्हालाही स्टेजवर बोलवू, गुच्छ देऊ."

"ठेवा ना भाऊजी," ती मधाळ आवाजात म्हणाली. "पण नुसता मांडू नका. मेव्हण्यांनी त्याच्यावर ते गाणं वाजवावं. यांच्या आत्म्याला बरं वाटेल."

"किती मोठं मन आहे हो तुमचं!"

मन मोठंच होतं, त्यात बरंच काही साठवलेलं होतं. सेट तिने ऐन कार्यक्रमाच्या वेळी पोचवला आणि पेडल स्वतःच्या हाताने बसवलं. मेव्हण्याने आधी बसूनही पाहिलं नाही. जन्म ड्रमवर गेला म्हणवणाऱ्याला तालीम कशाला लागते?

गाणं सुरू झालं. मेव्हण्याने पाय दाबला. चूं. पुन्हा दाबला. चूं. समोरच्या माईकमधून तो आवाज सभागृहभर गेला. लोकांनी आधी टाळ्या पिटल्या, मग हळूहळू थांबवल्या. मेव्हण्याचा पाय अवघडला, ताल गेला, गाणं बंद पडलं.

ठोक्याची बायको गुच्छ खाली ठेवून माईकपाशी गेली. "रेकॉर्डवरचं 'चूं' या पेडलचं आहे. तेव्हा यावर पाय तुमचाच होता ना? मग चाळीस वर्षं खिडकीतली कुठली चिमणी सांगत होतात?"

मेव्हणा चाचरला. "ती… म्हणजे… चिमणीही होती…"

आधी एक जण हसला, मग अख्खं सभागृह. हसू ओसरलं तसा आरडाओरडा सुरू झाला: "मग वाजवलं कोणी?" गायकाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती. मान खाली घालून तो म्हणाला, "ड्रम ठोक्याने वाजवले होते. सगळे." तिच्या काळजाला असा थंडावा कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. तिने तो पुरेपूर चाखला, उगाच खोटं कशाला सांगा.

दोन महिन्यांनी नवी रेकॉर्ड घेऊन गायक स्वतः घरी आला. ड्रमरच्या जागी ठोक्याचं नाव ठसठशीत छापलं होतं.

"झालं समाधान, वहिनी? मेव्हणा घराबाहेर पडत नाही."

"पडूही नये त्यानं."

गायक उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "एक विचारू? ठोक्या गप्प का बसला? तेव्हाच येऊन एकदा भांडला असता, तर दुसऱ्या छपाईत मी नाव बदललं असतं. आईशप्पथ. मी वाट बघत होतो."

तिने उंबऱ्याकडे पाहिलं. ती पहिली रेकॉर्ड हातात आली त्या दिवशी ठोक्या बूट घालून याच दारात उभा होता, भांडायलाच निघाला होता. तिने बाही धरून त्याला आत ओढलं होतं. "आत्ता कुठे नोकरी पक्की होतेय. कशाला कोणाशी वाकडं घेता? नावच तर आहे!" ठोक्याने तिच्याकडे पाहिलं, खाली बसून बूट काढले आणि म्हणाला, "बरं."

गायकाची जिरली होती, मेव्हण्याची जिरली होती. तिसरी गुन्हेगार रेकॉर्ड हातात धरून उभी होती, आणि तिला माफ करावं की शिक्षा द्यावी हे सांगू शकणारा एकमेव माणूस आता नव्हता.