माझं रक्त जादा झालं

२०२२ साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. नांदेडच्या दवाखान्यात रक्ताच्या डॉक्टरनं माझा रिपोर्ट दोनदा पाहिला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या अंगात रक्त जादा झालंय."

मी म्हणालो, "मग बरंच झालं की."

तो हसला नाही. आजाराचं नाव त्यानं सांगितलं, पॉलिसायथेमिया व्हेरा. मी चौथी शिकलेला, मला ते तिसऱ्यांदा म्हणता आलं. हाडाच्या आत जो मगज असतो, तिथं रक्ताच्या तांबड्या पेशी तयार होतात. माझा मगज थांबायचंच विसरला. पेशी वाढत गेल्या आणि रक्त काकवीसारखं दाट झालं. दाट रक्ताची गाठ होते. ती मेंदूत अडकली तर लकवा, काळजात अडकली तर माणूस जागेवर गेला. हा आजार फार थोड्या लोकांना होतो, म्हणून लवकर ध्यानात येत नाही.

आमची चूक सांगतो, कारण तुमच्याकडंही हीच होईल. वर्षभर माझं डोकं जड पडायचं, हळदीच्या रानात थोडं चाललो की गरगरायचं. आमच्या वारंगा फाट्याकडं गरगरलं म्हणजे रक्त कमी, हे ठरलेलंच. शेजारच्या सूनबाईनं गूळ-शेंगदाणे आणून दिले. मेडिकलवाल्यानं लोहाचं टॉनिक दिलं. मी बाटल्यावर बाटल्या प्यायलो. डॉक्टर म्हणाला, "कारखाना आधीच थांबत नव्हता, बाबा, आणि तुम्ही त्याला माल पुरवत होतात." तेव्हा रक्त तपासल्याबिगर टॉनिक घेऊ नका.

आजारी माणसाचं तोंड उतरतं. माझं उलट लाल झालं. फाट्यावरच्या हॉटेलात गणपत म्हणाला, "काय बापू, जवानी येऊन राहिली काय?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "मग द्या की आमाला बाटलीभर." सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर त्या हॉटेलात गेलो नाही.

दुसरी तकलीफ आंघोळीची. गरम पाणी घेतलं की अंगभर सुया टोचल्यागत खाज सुटायची. पुरळ नाही, चट्टा नाही. दाखवायचं काय आणि कोणाला? घरात मी एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगं पुण्यात. दार लावून बाजेवर बसायचो, खाज जाईपर्यंत. पोराचा फोन यायचा, "गोळ्या घेता ना?" मी म्हणायचो, "घेतो." बोलणं तिथंच संपायचं.

यावर इलाज म्हणजे शिरेतून पिशवीभर रक्त काढून टाकणं. त्याला फ्लेबोटॉमी म्हणतात. दोनदा काढलं. तिसऱ्या वेळी मी सिस्टरला विचारलं, "ही पिशवी कोणाला देता?"

"कोणालाच न्हाई, आजोबा. हे दुसऱ्याला चालत न्हाई. टाकून देतात."

ते मला झोंबलं. गावात चार माणसं मला विचारून कामं करतात आणि माझं रक्त कचऱ्यात? रक्त न काढताच उठलो. डॉक्टर म्हणाला, "गाठ झाली तर मी तुमच्या गावापर्यंत पोचणार नाही." मी म्हणालो, "नका पोचू."

बाहेर बाकावर बसलो, तर शेजारी हट्टा गावच्या एक बाई होत्या, वच्छलाबाई. उभा जन्म अंगणवाडीच्या नोकरीत गेलेला. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "दादा, आंघोळ केली की खाजवतं का हो?"

"तुमाला कोणी सांगितलं?"

"सांगंल कोण? मलाबी तेच हाये. पयले वाटलं साबण, मंग वाटलं पाणी. सासू म्हणे करणी."

किती महिन्यांनी मी मनापासून हसलो. त्या म्हणाल्या, "पाणी कोमट घ्या. घासून पुसू नका, नुसतं टिपा."

"रक्त टाकून देतात, त्याचं काही वाटत न्हाई?"

"नखं कापता ती जपून ठेवता काय?" मग म्हणाल्या, "असे आमी चौघं-पाच जण हावोत. एक परभणीला, एक वाशिमला. फोनवर बोलतो. पण या बाकावर मी एकटीच असते. आता तुमी भेटलात. हट्टापायी मरून गेलात तर मी परत एकटी."

त्यांनी माझा नंबर घेतला. तरी मी आत परत गेलो नाही. डॉक्टरसमोर म्हटलेलं लगेच मागं कसं घेणार? तसाच गावी आलो.

ज्याला हा आजार निघाला त्याला माझं एवढंच सांगणं आहे. दवाखान्यात बसलात की शेजारच्याला विचारा, तुमाला काय होतं. मी वर्षभर तोंड मिटून बसलो. त्या बाईनं विचारलं नसतं तर आजही तसाच बसलो असतो, किंवा बसायलाही उरलो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरून पहिल्या एसटीनं नांदेड गाठलं. सिस्टर म्हणाली, "आजोबा, काल तर न्हाई म्हणलात."

"काल म्हणलो," मी हात पुढं करत म्हणालो. "काढ. आन् पुढची तारीख हट्ट्याच्या बाईची असंल त्याच दिवशीची दे."