पिराजी लोहाराचं पाणी

पाणी म्हटलं की आमच्या उचगावात आधी इचारावं लागतं, कुठलं? शेतकरी पाळीचं पाणी म्हणतो. तालमीतला वस्ताद गड्याचं पाणी जोखतो. सोनार मोत्याचं पाणी बघतो. आणि पिराजी लोहाराच्या दुकानात पाणी म्हंजे पात्याचा कडकपणा. तापलेलं पातं बुडवून काढायचं. धारेवर पिवळा, मग जांभळा, मग निळा असा रंग सरकतो. नेमक्या रंगाला पुन्हा बुडवायचं. घाई झाली तर पातं काचेगत उडतं, उशीर झाला तर धार वळते. उन्हाच्या चकाकीत रंग फसवतो, म्हणून पिराजी भर दुपारी दार लावून घ्यायचा.

चाळीस वर्सं ह्यो धंदा केला. परवाच्या दिवाळीत ऊसतोड टोळीचा मुकादम बाळासो आला आणि तीन कोयते ऐरणीवर आपटले. तिन्हींची टोकं उडालेली.

"मामा, ह्यो कोयता हाय का पापड?"

पिराजीच्या डोळ्यात मोतीबिंदू. आपरेशनची तारीख पौषातली, आणि टोळीचे साठ कोयते तर आठ दिसात द्यायचे. पिराजी नुसत्या अंदाजानं रंग धरत होता. ते साठ परत आले असते तर दुकानाला कुलूपच की.

बायको बनाबाई भट्टीच्या पंख्याजवळ बसलेली. म्हणाली, "रंग मी सांगते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"पंखा आत्ता आला. त्याआधी तीस वर्सं भाता वढला, तो काय डोळं मिटून व्हय?"

दार लागलं. बाळासो आणि त्याच्यासंगं आलेला मी, आम्ही भाईर. आतनं बनाबाईचा आवाज, "थांबा... अवो थांबा, पिवळाच हाय अजून... हां, आता!" आणि चर्र.

बाळासोनं तो कोयता बाभळीच्या ओंडक्यावर आठ-धा घाव घालून बघितला. धारेवर अंगठा फिरवला. तोंडानं चांगलं म्हणाला न्हाय, तसला माणूसच न्हवं. म्हणाला, "बाकीचं बी असंच करा."

त्यातल्या सा कोयत्यांनी माझा ऊस तुटला. एकाचंबी टोक गेलं न्हाय. म्हणून हे लिवाय बसलोय.

पौषात आपरेशन झालं. आता पिराजीला लख्ख दिसतं. तरी बनाबाई "आता" म्हणल्याबिगर पातं बुडवत न्हाय. परवा कागलचं एक पावणं कोयता हातात घेऊन म्हणालं, "काय पाणी दिलंय वो!"

पिराजीनं मान वर केली न्हाय. "पाणी तिचं हाय. मी नुसता बुडवतोय. तिच्यामुळंच ही भट्टी पेटलीया. काय म्हणायचं ते तिला म्हणा."

"आणि मोडला तर?"

"तर मला शिव्या घाला की," पिराजी म्हणाला, आणि दार लावून घेतलं.