जादा ठरलेली डिस्क

३ फेब्रुवारीला रुग्णालयाच्या खरेदी समितीने ११,८४० रुपयांची एक डिस्क मंजूर केली. मागणी दोन डिस्कची होती. दुसरीपुढे समितीने लाल शाईत लिहिले, ‘एकीवर भागवावे.’

मागणी करणारी बाई अकरा वर्षे रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळत होती. सर्व्हरची मूळ डिस्क गळ्यापर्यंत भरली होती. जुना रिपोर्ट उघडायला इतका वेळ लागे, की रिपोर्टांच्या खिडकीपुढे भांडणे होत. नवी डिस्क बसवून तिने तिच्यावर एक फोल्डर केला, त्याचा ताबा डेटाबेसला दिला आणि त्याला सांगितले, की आजपासून ही तुझी दुसरी जागा. जागेचे नाव ठेवले ‘कोठी’. मग रिपोर्टांची सगळी टेबले तिने कोठीत हलवली. रिपोर्ट मागणाऱ्याला यातले काही कळायची गरज नव्हती. कोणती गोष्ट कुठे आहे, ते डेटाबेस बघे. नळ सोडणाऱ्याला पाणी कोणत्या टाकीतून येते याच्याशी काय करायचे?

दुसरी डिस्क हवी होती ती कोठीची नक्कल ठेवायला. ती नाकारल्यामुळे नक्कल नव्हती. हे तिने दोनदा लेखी कळवले. उत्तर आले नाही. तिला कोठीबाई हे नाव मात्र पडले.

वर्षअखेरीची मोजणी होती त्या रविवारी ती घरी कपड्यांच्या घड्या घालत होती. खिडकीवरच्या कारकुनाचा फोन आला.

“बाई, पेशंटचं नाव येतंय, वय येतंय. रिपोर्ट मागितला की मशीन तोंड फिरवतंय. फाईल सापडत नाही म्हणतंय.”

“सगळेच रिपोर्ट?”

“एकूणएक. आणि उद्या सकाळी तीन ऑपरेशनं आहेत.”

नाव-वय मूळ डिस्कवर, रिपोर्ट कोठीत. म्हणजे कोठीच जागेवर नव्हती. तिने भांडारप्रमुखांना फोन लावला. त्यांना सगळे काका म्हणत.

“काका, सर्व्हरमधली डिस्क कोणी काढली?”

“मी काढली, आज सकाळी. भांडाराच्या कार्डावर तिच्यापुढे ‘जादा’ लिहिलंय. जादा वस्तू मोजणीत कपाटातच दिसली पाहिजे, नियम आहे. चौथ्या कप्प्यात होती.”

“होती म्हणजे?”

“अधीक्षक साहेबांच्या मजल्यावर कॅमेरे बसवतायत, त्यांना हवी होती. दिली. काढायच्या आधी उघडून बघितली हो मी. नुसत्या आकड्यांच्या फायली, एक वाचता येत असेल तर शपथ. कचराच होता.”

“काका, तुमच्या पासबुकातही आकडेच असतात. ते फेकता का?”

कॅमेरेवाल्याचा नंबर मागून घेऊन तिने फोन ठेवला. उत्तर ऐकायला वेळ नव्हता. कॅमेऱ्याचे यंत्र नवी डिस्क मिळाली, की आधी ती पुसते आणि मगच चित्रे साठवते. एकदा पुसली, की चार वर्षांचे रिपोर्ट गेले.

दारात अक्का, तिची थोरली बहीण, आडवी आली. “जेवून जा. एवढी महागाची वस्तू, तर तिच्यावर चिठ्ठी का नाही डकवलीस?”

“अक्का, दिवा लुकलुकत होता तिच्यावर. पेटलेल्या चुलीवर ‘चूल पेटली आहे’ अशी पाटी लावतात का?”

“आंधळ्यांच्या घरात लावावी लागते,” अक्का म्हणाली आणि बाजूला झाली.

टॅक्सीत बसल्यावर तिने कॅमेरेवाल्याचा नंबर तीनदा लावला. तो उचलत नव्हता. रुग्णालयाच्या फाटकाशी ती उतरली आणि टॅक्सीवाल्याला “आलेच” म्हणून जिने चढत सुटली.

कॅमेरेवाला शिडीवर होता. यंत्र खाली टेबलावर, झाकण उघडे, आणि डिस्क आत बसवलेली.

“चालू केलंत?”

“वायर कमी पडली. ती ओढून झाली की करणार.”

तिने डिस्क काढून घेतली.

“ओ ताई, माझ्याकडे पावती आहे तिची.”

“पावती ठेवा तुमच्याकडे. डिस्क माझी आहे.”

सर्व्हरमध्ये डिस्क परत बसवून, तिचा जुना पत्ता जुळवून तिने डेटाबेस चालू केला. कारकुनाने खालून ओरडून सांगितले, की पहिला रिपोर्ट आला. ती तिथेच स्टुलावर बसली. सुटका झाल्याचे वाटायला हवे होते. वाटत होता तो संताप. रिपोर्ट वाचले ते कोणाच्या अकलेने नाही, वायर हातभर कमी पडली म्हणून.

सोमवारी तिन्ही ऑपरेशने झाली. दुपारी साहेबांच्या कार्यालयातून तिला नोटीस आली: रुग्णालयाचा डेटा मुख्य फोल्डरबाहेर परस्पर का लपवला, याचा खुलासा करावा. काकांना नोटीस नव्हती. त्यांची मोजणी कार्डाशी बरोबर जुळली होती.

तिने खुलासा लिहिला: ‘डेटा लपवला नाही. ठेवला होता, मंजूर डिस्कवर. तिथून काढला भांडाराने. कार्डावरचा “जादा” हा शब्द आज खोडावा आणि नकलेसाठी दुसरी डिस्क द्यावी. दोन्ही होईपर्यंत सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील.’ खाली सही केली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि घरी गेली.

साहेबांनी किल्ली अजून मागितलेली नाही. दुसरी डिस्क आलेली नाही.

टॅक्सीवाला त्या दिवशी वाट बघून निघून गेला. त्याचे एकशे वीस रुपये द्यायचे आहेत.