अण्णांचं पान

साऱ्या धाराशिव जिल्ह्याची काळजी एकाच माणसावर सोपवली असेल, तर ती आमच्या पंचायत समितीतल्या आवक-जावकच्या अण्णांवर. आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद ठेवायची, एवढंच त्यांचं काम. पण फोन वाजला की यांचा हात छातीवर! तामलवाडीहून एसटीनं यायचे आणि कुलूप लावलं की नाही या शंकेनं अर्ध्या वाटेतून परत फिरायचे. घरात नव्वदीची आई असते, बाहेरून कुलूप लागतच नाही, हे त्यांना आठवायचं थेट दारात गेल्यावर. मी चिडायचो. "चिडा हो," म्हणायचे, "पण काळजी कुणीतरी कराया पायजेल का न्हाय?"

यंदा जिल्ह्याहून फर्मान आलं. प्रत्येक कर्मचाऱ्यानं आपली वर्षाची उद्दिष्टं लिहावीत आणि ती तालुक्याच्या विकास आराखड्याशी जोडावीत; ज्याचं काम जोडलं जाणार नाही, त्याच्या पदाचा फेरविचार होईल. अण्णांना दरदरून घाम फुटला. निवृत्तीला दोन वर्षं, आणि बदली झाली तर म्हातारीला कोण बघणार? आम्ही बाकीच्यांनी मागच्या वर्षीच्या अहवालातली वाक्यं उतरवून कागद त्यांच्या टेबलावर टाकले नि चहाला गेलो. आता कचेरीत 'जोडणे' म्हणजे काय, हे अण्णांना कुणी शिकवायचं? अर्जाला दाखला जोडतात तसं त्यांनी दाभण-दोरा घेतला आणि चार दिवस खपून एकेकाचा कागद आराखड्याच्या नेमक्या पानाला शिवला. त्यासाठी तो जाडजूड आराखडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आमच्या कचेरीत तो वाचलेला दुसरा माणूस नव्हता, मीही नाही.

ते शिवलेलं बाड बघून आमचे साहेब आधी पोट धरून हसले. पानं उलटता उलटता मात्र मध्येच थांबले. गुरांच्या दवाखान्याचं पान मोकळं, पाणलोटाचं मोकळं.

"इथं कुणाचाच कागद कसा नाही?"

"ती कामं कुणीच लिवली न्हाईत, साहेब."

अण्णांच्या मुठीत एक कागद उरला होता, घामानं मऊ पडलेला.

"आणि हा?"

"माझा हाय. लई हुडकलं. पान हाय तिथं माणूस न्हाय, अन् माणूस हाय त्याला पान न्हाय. कुठं शिवू, सांगा."

साहेबांनी कागद घेतला आणि "बघू" म्हणाले. हे सरकारी 'बघू' मी चांगलं ओळखतो.

महिन्याभरानं पाकीट आलं. आलेलं पाकीट फोडायचं अण्णांनीच. त्यांनी ते फोडलं, वाचलं, रजिस्टरात क्रमांक टाकला, तारीख टाकली आणि विषयाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहून पुढं 'बदली, उमरगा' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मला भडभडून आलं, खोटं कशाला सांगू.

"म्हातारीला संगं नेतो," ते म्हणाले. मग शाई वाळेपर्यंत थांबून हळूच विचारलं, "तिथल्या आराखड्यात माझं पान असंल का हो?"

"असणारच की, अण्णा," मी म्हणालो. तोही आराखडा मी वाचलेला नव्हता.