बँकेसाठी भरलेलं रिटर्न

माझ्या उजव्या पायात लहानपणापासून पोलिओ आहे. शिवणाच्या मशीनला मोटर बसवली तेव्हापासून पायाचं काम उरलं नाही, आणि बेंगळुराजवळ आनेकलच्या भाड्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवू लागलो. शिवणकाम आमच्यात पिढ्यान् पिढ्यांचं. वडील गेल्यावर ते माझ्याकडे आलं. घरात तीनच माणसं: आई, मी आणि माझ्याहून अकरा वर्षांनी लहान बहीण. बीपीएल कार्डावर तांदूळ मिळायचे, मला अपंगत्वाची पेन्शन होती, आणि घरची कर्ती बाई म्हणून आईच्या खात्यात सरकारकडून दरमहा पैसे यायचे. बाकीचं ब्लाउजांवर भागायचं.

बहिणीला बेंगळुरातल्या एका कॉलेजात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. फीचा थोडा भाग स्कॉलरशिपमधून सुटणार होता, उरलेल्यासाठी कर्ज काढायचं ठरलं. बँकेतल्या मॅडमनी कागद चाळले आणि मला विचारलं, "सह-अर्जदार तुम्हीच ना? रिटर्न भरता?"

"शिंप्यानं कसलं रिटर्न भरायचं, मॅडम?"

"मग तुमचं उत्पन्न आम्ही कशावरून धरायचं?"

बँकेच्या मागच्या गल्लीत रिटर्न भरून देणारा एक माणूस बसायचा. त्यानं मला विचारलं, सगळ्यात जास्त कमाई कधी होते? मी म्हटलं, वरमहालक्ष्मीच्या सणाआधी, तेव्हा रात्री झोपसुद्धा मिळत नाही. त्यानं त्या महिन्याचा आकडा बारा महिन्यांना लावला.

"एवढं मी कमवत नाही हो," मी म्हणालो.

"त्यात काय झालं? कर शून्य बसतोय. तुमचा एक पैसा जाणार नाही."

बहीण बाहेर बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "सरी, होऊ द्या," आणि सही केली.

कर्ज मंजूर झालं. ती हॉस्टेलवर गेली. त्यानंतर काही महिन्यांनी मी रेशनच्या दुकानात नेहमीसारखा अंगठा लावला, तर मशीननं तो घेतलाच नाही. दुकानदार ओळखीचा. त्यानं मला बाजूला बोलावून हळूच सांगितलं, "अण्णा, तुमचं कार्ड रद्द झालंय. रिटर्न भरणाऱ्यांच्या यादीत नाव आलंय."

"पण मी कर कुठं भरलाय?"

"कर कोण विचारतोय? रिटर्न भरलंय ना?"

पुढच्या महिन्यात पेन्शन आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात आईचे पैसेही थांबले. मी तालुका कचेरीत गेलो. पेन्शनचा विभाग पहिल्या मजल्यावर होता. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत वर पोचलो. तिथला कारकून मनानं वाईट नव्हता. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक कागद पुढं केला.

"प्रतिज्ञापत्र द्या. खरं उत्पन्न इतकंच आहे, रिटर्नमधला आकडा चुकीचा आहे, असं लिहा. मग चौकशी लागेल."

"आणि हे बँकेला कळलं तर?"

"ते मी कसं सांगू?"

कर्जाचा एकच हप्ता कॉलेजला गेला होता, तीन बाकी होते. दर वर्षी पैसे सोडण्याआधी बँक नवीन रिटर्न मागणार होती. म्हणजे इथं मी गरीब आहे असं लिहून द्यायचं, आणि तिथं नाही असं. दोन्हीकडे सही माझीच. मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि खाली उतरलो. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "तू खोटं लिहिलंस का?"

"थोडं."

"मग आता गप्प बस."

त्याच आठवड्यात तिनं एका गारमेंट फॅक्टरीचं धागे कापायचं काम घरी आणलं. शर्टांचे गठ्ठे खोलीभर. ती कात्री घेऊन खिडकीशी बसायची, मी मशीनवर, आणि दिवसभर आम्ही फारसं बोलायचो नाही. त्या खोलीत मला गुदमरायला व्हायचं. दार उघडंच असायचं, पण उठून जाणार कुठं? जुलै आला की मी पुन्हा त्या गल्लीत जायचो आणि तोच फुगवलेला आकडा, थोडा आणखी वाढवून, लिहून यायचो.

बहिणीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी स्कॉलरशिपसाठी तिला उत्पन्नाचा नवा दाखला लागला. तो आला तो रिटर्नमधल्या आकड्याचा. स्कॉलरशिप गेली. ती कॉलेजातून थेट बस पकडून आली आणि चपलासुद्धा न काढता दारात उभी राहिली.

"अण्णा, मी कॉलेज सोडते."

"सोडलंस तर कर्ज फिटतं का?"

मला ते इतक्या कोरडेपणानं बोलायचं नव्हतं. पण खरं तेच होतं, आणि मी एकट्यानं अडकण्याऐवजी आता तिघंही अडकलो होतो, एवढाच काय तो फरक.

तिनं शिक्षण पूर्ण केलं. आता ती हेब्बाळच्या एका दवाखान्यात नोकरी करते, दर रविवारी घरी येते. पगारातला अर्ध्याहून जास्त भाग हप्त्यात जातो. बँकेला आता माझं रिटर्न लागत नाही, म्हणून यंदा मी ते भरलं नाही, आणि पेन्शनसाठी पुन्हा कचेरीत गेलो. कारकून बदलला होता. तो संगणकात बघून म्हणाला, "तुमच्या घरात पगारदार माणूस आहे."

"तिचा पगार हप्त्यातच जातो, सर."

"अर्जात हप्त्याला रकाना नाही." मग म्हणाला, "ती कायमची वेगळी झाली असं दाखवून तिचं नाव घरातून कमी करा. मग बघू."

त्या रविवारी मी तो अर्ज जेवणाच्या वेळी बाहेर काढला. बहीण लगेच म्हणाली, "काढ माझं नाव, अण्णा. नुसतं कागदावरच तर आहे." तिनं सहीही करून टाकली. घरची कर्ती म्हणून आईची सही बाकी होती. आईनं अर्ज हातात घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"एकदा लिहिलंस ते पुरे झालं," ती म्हणाली. "लेकीला घराबाहेर काढायचा कागद मी करणार नाही."

मी अर्जाची घडी करून बाजूला ठेवली. आईनं बहिणीच्या ताटात आणखी भात वाढला.